मुक्काम पोस्ट ल्होता

आमच्या घरी नवं माणूस आलं की आई आधी पाणी द्यायची आणि रिकामा ग्लास परत तिच्या हातात यायच्या आत विचारायची, "तुमचं गाव कुठलं?" माणूस मराठी आहे, गुजराती आहे की गॅसचा मीटर वाचायला आलेला इंग्रज आहे, याचा त्या प्रश्नाशी काही संबंध नसायचा. इंग्रजांसाठी तिने भाषांतरसुद्धा तयार ठेवलं होतं, "विच इज युवर व्हिलेज?" मीटरवाला बिचारा टोपी मागे सारून म्हणायचा, "आय लिव्ह इन ओडबी, मी डक." आमच्या इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये लोक प्रेमाने कुणालाही 'मी डक' म्हणतात. आपल्याला बदक म्हटलं म्हणून आईला पहिल्यांदा केवढा राग आला होता! पण ओडबीने तिचं समाधान व्हायचं नाही. "ते राहायचं झालं हो. गाव कुठलं?" मी तेव्हा बारा वर्षांची. शाळेत आपल्याकडे कुणी बघत तर नाही ना, याच काळजीत माझा दिवस जायचा, आणि इकडे ही बाई मीटरवाल्याची कुळकथा काढत बसलेली. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला व्हायचं.

आमचं घर बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत, लाल विटांच्या लांबलचक रांगेत होतं. बाबा हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर. त्यांच्या बरोबरच्या डॉक्टरांनी शहराबाहेर बागवाली सेमी-डिटॅच्ड घरं घेतली, पण आईला कोथिंबीर चालत जाऊन आणता यायला हवी होती, त्यामुळे आम्ही तिथेच राहिलो. रांगेतल्या घरांची गंमत म्हणजे दोन घरांत मिळून एकच भिंत. शेजारच्या मिसेस बार्तोश खोकल्या की बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणायचे, "छाती भरलीय यांची." त्यांचा रेडिओ, त्यांची किटली, बादलीच्या कडीचा आवाज, सगळं आमच्याकडे यायचं. म्हणजे आमचंही त्यांच्याकडे जात असणार, हा विचार मात्र आम्ही कधी केला नव्हता. मोज्यांच्या कारखान्यात काम करून निवृत्त झालेली ही एकटी विधवा बाई, डोक्याला रुमाल, अंगात बारमाही कोट. दर शनिवारी गुडघे टेकून ती दाराची पायरी घासायची आणि मी जाताना दिसले की नुसती मान हलवायची. दोन वर्षांत एवढीच ओळख.

आई शेंगदाण्याचं कूट खलबत्त्यात करायची. मिक्सर होता, पण "मिक्सरने तेल सुटतं गं, चव जाते." खलबत्ता ठेवायची जागा म्हणजे नेमकी त्या सामाईक भिंतीला लागून. एका शनिवारी सकाळी ती कूट करत होती आणि दारावर थाप पडली. बार्तोशबाई दारात, हातात फुटलेली बशी.

"तुम्ही भिंत पाडताय?" त्यांनी विचारलं. दोघींचंही इंग्रजी तोडकंमोडकं, एकीचं मराठी वळणाचं, दुसरीचं चेक वळणाचं, आणि दोघींना एकमेकींचं मात्र छान कळायचं. ते बोलणं मी इथे सरळ मराठीतच देते, नाहीतर कुणालाच काही कळायचं नाही.

आईने त्यांना आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, बशीबद्दल तीनदा सॉरी म्हटलं. आता प्रश्न येणार, हे ओळखून मी वर सटकायच्या बेतात होते.

"तुमचं गाव कुठलं?"

"चेकोस्लोव्हाकिया."

"तो देश झाला. गाव?"

"ब्रनो."

"ब्रनो शहर आहे," आई माझ्याकडे बोट करून म्हणाली. "वसूच्या ॲटलासमध्ये ठळक अक्षरांत आहे. मी गाव विचारतेय."

बार्तोशबाईंच्या हातात ग्लास अजून तसाच होता. मग अगदी हळू म्हणाल्या, "ल्होता."

"लोटा?" आईने ओट्यावरचा पितळी लोटा उचलून दाखवला. "हे असं?"

त्या बाईला असं हसू फुटलं की पाणी सांडलं. ल्ह म्हणायची सवय असलेली आपली जीभ, कोल्हा, कल्हई, आल्हाद, सगळं म्हणते. पण आईच्या कानाला लोटाच ऐकू आलं, आणि पुढे आमच्या घरात ते गाव कायमचं 'लोटा' झालं. रुमालाने डोळे पुसत बार्तोशबाई म्हणाल्या, "इथे पंचवीस वर्षं झाली. लोक विचारतात, कुठून आलात. मी म्हणते चेकोस्लोव्हाकिया, ते म्हणतात हाऊ लव्हली. पुढे कुणी विचारलंच नाही." त्या दिवसापासून त्या माझ्या बार्तोशआजी झाल्या आणि मी त्यांची 'वासुंका'. खलबत्ता समोरच्या भिंतीकडे गेला.

मग त्या रोजच यायला लागल्या. एकदा वाटीभर काळसर सारण घेऊन आल्या, पावात भरायचं म्हणून. आईने बोटावर चाखलं आणि ओरडली, "अगं बाई, खसखस!" आमच्याकडे खसखस अनारशाला आणि बाळंतिणीला, यांच्याकडे वाडगाभर दळून गूळपाकासारखी शिजवलेली. दुसऱ्या दिवशी आईने त्यांना खसखशीची खीर पाठवली. पण खरी कमाल झाली ती प्लमच्या उंड्यांची. कणकेच्या पारीत अख्खं प्लम घालून उंडे उकळत्या पाण्यात सोडायचे, वर लोणी आणि साखर. ते बघून आई कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. "हे तर मोदक आहेत! कळ्या पाडायचं तेवढं विसरलात." आजींना कळ्या पाडायला शिकवण्यात एक अख्खी दुपार गेली, त्यांच्या जाड बोटांना शेवटपर्यंत तीनच कळ्या पडल्या. त्यांच्याकडे तिखटाबरोबर खायचा पावाच्या पिठाचा एक लांबट उंडा असे, तो त्या सुरीने कापायच्या नाहीत. शिवणाचा दोरा खालून घालून वर गाठ मारल्यासारखा ओढला की चकती पडायची. मी अजून ढोकळा तसाच कापते. माझी मुलगी म्हणते, "ममा, नाइफ आहे ना." असू दे.

त्या स्वयंपाकघरात मला ल्होता पाठ झालं. मी आमचं गाव पाहिलेलं नव्हतं, म्हणजे पाहिलं होतं ते दोन वर्षांची असताना, पण ल्होताची पायवाट न् पायवाट मला माहीत होती. दोन टेकड्यांमधून एक ओढा येतो. ओढ्याच्या अंगाने गाव लांबत गेलेलं, घराला घर लागून, प्रत्येकाच्या पाठीमागे त्याच्या जमिनीची एक लांब पट्टी थेट वर रानापर्यंत. वर पाइनचं रान, तिथे सप्टेंबरात अळंबी. मधोमध तळं. ते दर शरदात रिकामं करायचे, मग चिखलात गुडघाभर उभं राहून सगळं गाव मासे पकडायचं. तळ्याशी लिंडनचं झाड, झाडाखाली एवढंसं देऊळ, देवळाला एकच घंटा. गल्ल्यांना नावं नाहीत, नुसते घरांचे नंबर, तेही ज्या क्रमाने घरं बांधली त्या क्रमाने. त्यामुळे पाच नंबरशेजारी एक्केचाळीस. आजींचं घर सत्तावीस. माती तांबडी, थंडी अशी की दूध आणेपर्यंत त्यावर बर्फाची साय. या ल्होताच्या वर आणखी एक ल्होता, त्याचं नाव 'वरचं', आजींचं 'खालचं', आणि दोघांचं पिढ्यान्‌पिढ्या पटत नाही.

"म्हणजे आपलं खुर्द आणि बुद्रुक!" बाबा एकदम म्हणाले. एरवी बाबा जेवताना बोलायचे नाहीत. त्यांचं आंबेवाडी खुर्द, जुन्नरच्या पलीकडे, आणि त्यांचं आयुष्य बुद्रुकला गेलेली पत्रं परत मागवण्यात गेलेलं. त्यांनी आजींना विचारलं, ल्होता या शब्दाचा अर्थ काय. आजी म्हणाल्या, जुन्या काळी सगळं रान होतं. जमीनदाराने माणसं बोलावली, रान तोडा, घरं बांधा, म्हणाला. इतकी वर्षं मी तुमच्याकडे काही मागणार नाही. ती जी सूट, तिचं नाव ल्होता. अशी सूट ठिकठिकाणी दिली, म्हणून ठिकठिकाणी ल्होता.

"कौल!" बाबांनी ताटावरच हात आपटला. "आपल्याकडेही तेच. ओसाड गाव वसवायचं तर कौल द्यायचे. या, नांगर धरा, पहिली काही वर्षं सारा माफ." मग ते दोघं, एक जुन्नरचा आणि एक ल्होताची, बांध, सारा आणि रानडुकरं यांवर इतका वेळ बोलत बसले की आमटी दोनदा गरम करावी लागली. आजी म्हणाल्या, आता तिकडे बांध राहिलेले नाहीत. सरकारने सगळ्यांच्या पट्ट्या एकत्र करून नांगरल्या. बाबांनी त्यांच्या ताटात पोळी वाढायची खूण केली.

आता मी लंडनजवळ रीडिंगला मुलीजवळ राहते. परवा माझी नात ईरा म्हणाली, "आजी, ती कुठली गाव होती? दाखव." ती कुठली नाही, ते कुठलं, असं सांगून मी दमले, पण पोरीला इच्छा आहे हेच खूप. तिने फोनवर ल्होता टाइप केलं आणि त्या देशाच्या नकाशावर गोवर उठल्यासारखे लाल ठिपके उमटले. "व्हिच वन?" ती म्हणाली. इतक्या वर्षांनीही मी नजर चोरली. का चोरली, तेच सांगायला मी बसलेय.

शाळेत आमच्या जॉग्रफीच्या सरांनी होमवर्क दिला: शहराजवळचं एक गाव निवडा, नकाशा काढा, भूगोल आणि इतिहास लिहा. वर्गातली सगळी मुलं बसने जाऊन लेस्टरबाहेरची गावं बघून आली. मी ल्होता घेतलं. आजींच्या टेबलावर मोठा कागद पसरून दोन रविवार मी ओढा, तळं, पट्ट्या, देऊळ, सत्तावीस नंबर काढत होते, आणि आजी कागदाला नाक लावून सांगत होत्या, "नाही, विहीर अलीकडे." नाक लावूनच, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेले. वर मी ठळक अक्षरांत शीर्षक दिलं: 'ल्होता, ब्रनोजवळ'. खरं तर ब्रनो तिथून दोन गाड्या बदलून आणि वर तासभर चालून. पण आजींनीही आईला आधी ब्रनोच सांगितलं होतं, आणि बाबा नाही का सगळ्यांना पुण्याचे म्हणून सांगत? खेड्यातल्या माणसाने जवळच्या शहराचं नाव सांगायचं, ही जगाची रीतच आहे असं मला वाटायचं. सरांनी बी प्लस दिला आणि खाली लिहिलं, स्केल कुठे आहे?

नकाशात सत्तावीस नंबरला मी लाल कौलं काढली तेव्हा आजी म्हणाल्या, "तिथे मार्झेंका राहते. माझी बहीण." आईने हळूहळू सगळं काढून घेतलं. ती कामगिरी तिलाच जमायची. आजींचा नवरा लढाईत इंग्रजांच्या विमानदलात होता. लढाई संपल्यावर ते घरी गेले, पण मग राज्य पालटलं आणि अशा माणसांची धरपकड सुरू झाली. एका पहाटे ही दोघं रानातून सरहद्दीकडे निघाली, कुणालाही न सांगता. धाकटी मार्झेंका तेव्हा शिक्षिका होणार होती. बहीण पळाली म्हणून तिला शाळेतून काढलं आणि सरकारी गोठ्यात शेण काढायला लावलं. दोन वर्षांनी त्या दोघींची आई गेली, तेही आजींना कुणाकडून तरी कितीतरी महिन्यांनी कळलं. सुरुवातीला त्यांनी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. "तिने माझं नाव टाकलं," आजी म्हणाल्या. "बरोबर केलं."

"तुम्हाला काय माहीत?" आई म्हणाली. "आता काळ बदललाय. लिहा पत्र. फार तर काय होईल, नाही म्हणेल." आईचं सगळं असं सोपं असायचं.

आजींना धीर होईना, पण पत्र लिहायला दुसरंही एक कारण होतं. बाबांनी हॉस्पिटलमध्ये खटपट करून त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचा नंबर लावला होता, आणि आजी भूल घ्यायला भीत होत्या. झोपेतच गेले तर? त्याआधी मार्झेंकाला एकदा विचारायचं होतं, तू मला माफ केलंस का. म्हणून पत्र लिहिलं गेलं. आतला मजकूर आजींनी अंदाजाने मोठ्या अक्षरांत खरडला. पाठवणाऱ्याचं नाव बाबांचं घालायचं ठरलं: डॉ. डुंबरे, लेस्टर, म्हणजे तिकडे कुणाला संशय नको. आणि पाकिटावरचा पत्ता लिहायचं काम अर्थात माझं, कारण माझं अक्षर सुंदर होतं आणि मला ते माहीत होतं.

आजी सांगत गेल्या. बहिणीचं नाव, ल्होता, सत्तावीस, आणि मग तालुक्याच्या गावाचं नाव: बिस्त्र्झित्से. त्यात तो त्यांचा खास र होता, र आणि झ एका दमात म्हणायचा, लिहिताना डोक्यावर छोटी चंद्रकोर द्यायची. दोनदा सांगूनही मला काही तो लिहिता येईना. तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटली. मनात म्हटलं, हवंय कशाला हे? एवढं मोठं ब्रनो आहे की! आणि मी झोकात लिहिलं: ल्होता, ब्रनोजवळ. आजींनी पाकीट डोळ्यांजवळ धरलं, त्यांना काही दिसलं नाही, आणि त्यांनी त्यावर हात फिरवून म्हटलं, "सुंदर."

सहा आठवडे गेले. रोज सकाळी पोस्टमनच्या वेळेला आजी आमच्याकडे चहाला. पोस्टमन आला की कप खाली ठेवायच्या, गेला की उचलायच्या. ईस्टरच्या सुट्टीत आई बाजारात गेलेली असताना दारातून पत्रं पडली आणि त्यात माझंच पाकीट होतं. माझं सुंदर अक्षर, त्यावर जांभळा शिक्का, 'ब्रनोजवळ'वर तांबडी रेघ आणि बाजूला कुणीतरी पेन्सिलीने काढलेलं मोठं प्रश्नचिन्ह. आजचे ते लाल ठिपके बघून पोस्टातल्या त्या माणसाची मला दया येते, पण तेव्हा तोंडचं पाणी पळालं. मला लगेच कळलं काय झालंय ते. आणि मी काय केलं? वर जाऊन ते गादीखाली सरकवलं. उद्या सांगू, म्हटलं. उद्या उजाडला, आजी चहाला आल्या, कप खाली ठेवला, कप उचलला, आणि मी टोस्ट खात बसले. एकदा नाही सांगितलं की दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट अवघड होतं. तिसऱ्या दिवसाचं विचारूच नका. मी रात्रंदिवस त्या पाकिटावर झोपत होते.

हळूहळू आजी यायच्या बंद झाल्या. पायरी घासणं थांबलं. आईने खीर पाठवली ती दारातूनच परत आली. मग तिसऱ्या आठवड्यात बाबा हॉस्पिटलमधून आले ते बूट न काढताच स्वयंपाकघरात उभे राहिले. "बार्तोशबाईंनी ऑपरेशन रद्द केलं. फोन करून सांगितलं. आता ऐकायला तयार नाहीत."

"अहो, का पण?"

"म्हणाल्या, बघण्यासारखं काय राहिलंय. बहिणीने पत्र वाचलं आणि गप्प बसली, उत्तर कळलं." बाबा खुर्चीत बसले. "आंधळ्या होतील त्या. या वर्षाच्या आत."

आई कणीक मळत होती. तिचे हात थांबले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "मीच म्हटलं होतं लिहा म्हणून," ती म्हणाली. "मीच."

ते मला बघवेना. मी वर पळाले, पाकीट आणलं आणि कणकेच्या परातीशेजारी ठेवलं. आईने पाकीट बघितलं, शिक्का बघितला, माझ्याकडे बघितलं. मी मार खायची तयारी करून डोळे मिटले. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने कणकेच्या हाताने माझं मनगट धरलं आणि, "चल. तूच सांगायचंस," एवढंच म्हणून मला शेजारच्या दाराशी नेलं.

आजी दिवा न लावता बसल्या होत्या. मी रडत रडत सगळं सांगितलं: र लिहिता आला नाही, लाज वाटली, ब्रनो लिहिलं, परत आलं, तीन आठवडे लपवलं. आजींनी हात पुढे केला. पाकिटाची मागची बाजू त्यांनी अंगठ्याने चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे उघडलेलं नाही."

"नाही," मी म्हटलं.

"कुणीच नाही उघडलं?"

"नाही."

"म्हणजे तिने वाचलंच नाही," आजी म्हणाल्या. "तिला मिळालंच नाही!" आणि त्या हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या, आणि मग एकदम माझ्यावर उखडल्या. "मूर्ख पोरी! तीन आठवडे मी त्या बिचारीला शिव्या घालतेय! रोज! मोठ्याने!" भिंतीतून येणारं ते पुटपुटणं मी प्रार्थना समजत होते.

जे लपवून मी त्यांचा जीव घेत होते, तेच दिलं असतं तर त्यांच्या जिवात जीव आला असता, हे मला त्या खुर्चीसमोर उभी असताना कळलं. आज साठी उलटलीय, पण लाज म्हटलं की मला अजून तीच खोली आठवते.

दिवा लावून त्यांनी मला टेबलाशी बसवलं आणि वहीत तो तालुका पन्नास वेळा लिहायला लावला. माझा हात धरून प्रत्येक र वर चंद्रकोर. त्यांना दिसत नव्हतं, पण हाताला माहीत होतं. आई शेजारी उभी राहून "आणखी लिही," म्हणत होती. त्याच आठवड्यात नवं पाकीट गेलं.

जूनमध्ये, मी शाळेतून आले तर आई दारातच उभी. हातात निळसर पातळ पाकीट, डॉ. डुंबरे यांच्या नावाचं. आम्ही दोघी धावतच शेजारी गेलो. आजींनी भिंग लावून बघितलं, दिव्याखाली बघितलं, खिडकीत जाऊन बघितलं. शाळामास्तरणीसारखं बारीक टाकाचं अक्षर. काही केल्या दिसेना. बाबा म्हणाले होते, बर्मिंगहॅमला एक चेक पाद्री आहेत, त्यांना बोलावू. आजींनी मान हलवली. "परक्याने नको. वासुंका वाचेल."

"आजी, मला चेक येत नाही!"

"मला येतं. तू नुसते आवाज काढ." मग त्यांनी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या. "आधी सांग, सुरुवातीला माझं नाव कसं लिहिलंय? शेवटी काय आहे? नुसतं बोझेना असेल तर पत्र बंद कर आणि घरी जा."

आई रागावली की मी 'वसुधा' असायचे, एरवी वसू. बहिणीने लाडाचं नाव लिहिलंय का, हे त्या विचारतायत, ते मला कळलं. मी पत्र डोळ्यांसमोर धरलं.

"बोझेन्को," मी वाचलं. "शेवटी के, ओ."

आजींनी दांड्या सोडल्या. "वाच."

मी वाचायला लागले. मला रामरक्षाही अर्थ न कळता पाठ होती, हेही तसंच, फक्त यात प्रत्येक ओळीला अडखळायचं. सुरुवातीला आजी माझं चुकलं की टेबलावर बोट आपटून दुरुस्त करायच्या. दुसऱ्या पानावर त्यांनी दुरुस्त करणं सोडून दिलं. एका शब्दाला, 'मामिंका' असा होता तो, त्यांनी आईचा हात चाचपडून धरला. मी थांबले. "पुढे," त्या म्हणाल्या. एका ठिकाणी त्या खुदकन हसल्या आणि मला कळेना मी काय वाचलं. चार पानं मी अशी आंधळ्यासारखी वाचली, डोळे असून. आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी एकदाही पुसलं नाही. मी शेवटची सही वाचली आणि कागद खाली ठेवला.

"काय म्हणते हो?" आईने विचारलं. तिला राहवेना.

पत्राच्या घड्या जशा होत्या तशाच घालायला आजींना वेळ लागला. ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवून त्यांनी वरून बटण लावलं आणि आईकडे तोंड केलं.

"तुझ्या नवऱ्याला सांग, डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन कर म्हणावं. आजच. ही पोरगी फार भयंकर वाचते. मला हे स्वतः वाचायचंय."